एकदा तपासणी झाली, मग पुन्हा कशाला? साथीच्या काळात परदेशप्रवास सुरू करण्यामागचं गणित

इंदूरहून थेट परदेशात जाणारं पहिलं विमान १५ जुलै २०१९ रोजी दुबईला उडालं. तोवर परदेशी जायचं म्हणजे आधी मुंबई नाहीतर दिल्ली गाठावी लागे. ही सोय जेमतेम आठ महिने टिकली. मार्च २०२० मध्ये भारतानं सगळी नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली आणि देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरचं दुबईचं विमानही बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं १ सप्टेंबर २०२१ ला, आठवड्यातून एकदा, बुधवारी.

त्या विमानात बसायला काय काय लागायचं ते आठवून पाहा. निघण्याआधीच्या ४८ तासांतला आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट. मग विमानतळावर, विमान सुटायच्या काही तास आधी, जलद पीसीआर. दुबईत उतरल्यावर तिसऱ्यांदा नाकातून नमुना. रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात, जिथे म्हणून कुणाची लेक-जावई आखातात आहेत अशा घरांमध्ये एकच प्रश्न होता: एकदा तपासणी झाली ना, मग पुन्हा कशाला? प्रश्न अगदी रास्त होता. काउंटरवरच्या माणसाकडे मात्र ‘नियम आहे’ एवढंच उत्तर होतं. नियमामागचं कारण कळलं तर माणूस तो मनापासून पाळतो, आणि एखादा नियम खरोखरच निरर्थक असेल तर त्याबद्दल जाबही विचारू शकतो. पुढची साथ कधी येईल हे कुणाच्या हातात नाही. ती येण्याआधी हे गणित समजून घेणं आपल्या हातात आहे.

विषाणूचं वेळापत्रक

परदेशप्रवासाच्या नियमांतले ४८ तास, ७२ तास, ७ दिवस, १४ दिवस हे सगळे आकडे एकाच गोष्टीतून निघतात. विषाणू अंगात शिरल्यापासून तो दिसायला, पसरायला आणि ओसरायला किती वेळ घेतो, त्यातून.

२०२० मधल्या मूळ कोरोना विषाणूचं पाहू. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जात. ज्यांना लक्षणं दिसतात, त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांना ती साडेअकरा दिवसांच्या आत दिसत. पण माणूस दुसऱ्याला लागण देऊ लागतो तो लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून. म्हणजे मध्ये असा एक काळ येतो की माणूस स्वतःला ठणठणीत समजतो, विमानतळावर हिंडतो, शेजारच्या सीटवरच्या माणसाशी गप्पा मारतो आणि त्याच वेळी विषाणू वाटत असतो. साथ देशोदेशी पसरते ती या दिवसांत.

आता तपासणी. आरटी-पीसीआर ही अतिशय बारकाईनं शोधणारी तपासणी आहे, पण नाकात विषाणू पुरेसा वाढलेला असेल तरच ती त्याला शोधणार. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र करून एक हिशेब मांडला होता. लागण झाली त्या दिवशी तपासणी केली तर ती निगेटिव्हच येणार, शंभर टक्के. चौथ्या दिवशीही १०० बाधितांपैकी सुमारे ६७ जण निगेटिव्ह दिसतात. लक्षणं सुरू होतात त्या दिवशी ३८. आठव्या दिवशी हे प्रमाण सर्वांत कमी होतं, सुमारे २०. म्हणजे सगळ्यात चांगल्या दिवशीसुद्धा पाचातला एक निसटतो.

हे आकडे एकदा नीट वाचले की ७२ तासांच्या रिपोर्टची किंमत कळते. समजा, शुक्रवारी कुणाचं विमान आहे. मंगळवारी त्यांनी नमुना दिला, बुधवारी रिपोर्ट आला. सोमवारी लग्नात लागण झाली असेल तर मंगळवारच्या नमुन्यात ती दिसणं अशक्य. बुधवारी बाजारात लागण झाली असेल तर तो रिपोर्ट त्याबद्दल काही सांगूच शकत नाही. रिपोर्ट खरा आहे, प्रयोगशाळा प्रामाणिक आहे, प्रवासी प्रामाणिक आहे, आणि तरीही शनिवारी परदेशात एक बाधित माणूस उतरलेला आहे. म्हणून काही देशांनी ७२ तासांवरून ४८ वर आणि पुढे विमानतळावरच्या तपासणीवर उडी घेतली. तपासणी प्रवासाच्या जितकी जवळ, तितके मधले न दिसणारे दिवस कमी.

पण उतरल्यावर तिसऱ्यांदा का? इथे खरी गोम आहे, आणि मला वाटतं हीच गोष्ट लोकांपर्यंत कधी पोचली नाही.

आपल्याकडच्या जुन्या कौलारू छपराचं उदाहरण घेऊ. एक कौल पाऊस अडवू शकत नाही. दोन कौलांमध्ये फट असतेच. छप्पर गळत नाही, कारण वरच्या कौलांची फट खालच्या कौलावर येते. दोन्ही फटी एकाच जागी आल्या तर कितीही कौलं घाला, पाणी आत येणारच. तपासण्यांचंही तसंच आहे. ४८ तासांपूर्वीची आणि ६ तासांपूर्वीची तपासणी या दोहोंची फट जवळपास एकाच जागी आहे: नुकतीच लागण झालेला माणूस दोन्हींतून निसटतो. उतरल्याबरोबर केलेली तपासणीही फार वेगळी नाही, कारण मध्ये जेमतेम काही तास गेलेले असतात. ज्या तपासणीची फट वेगळ्या जागी येते ती म्हणजे चार-पाच दिवसांनंतरची किंवा आठव्या दिवसाची. तोवर न दिसणारा विषाणू दिसण्याइतका वाढलेला असतो. एका दिवसात तीन तपासण्या करण्यापेक्षा आठवड्याच्या अंतरानं दोन केल्या तर अधिक लोक सापडतात, आणि प्रवाशाच्या खिशालाही कमी चाट बसते. थोडक्यात, ‘पुन्हा कशाला’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं: पुन्हा हवीच, पण काही दिवस जाऊ देऊन.

आणखी एक अडचण उलट बाजूची. आरटी-पीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते. त्यामुळे पूर्ण बरा झालेला, कुणालाही लागण देऊ न शकणारा माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. असे कितीतरी प्रवासी तिकिटं हातात घेऊन अडकून पडले. बरे झाल्याचं प्रमाणपत्र ग्राह्य धरायला बऱ्याच देशांनी वेळ लावला, आणि तो त्रास टाळता आला असता.

कपाळावरची बंदूक

ताप मोजणाऱ्या त्या बंदुकीबद्दल थोडक्यात. २००३ च्या सार्स साथीत कॅनडानं विमानतळांवर सुमारे ६५ लाख प्रवाशांना चाळलं. त्यांतले सुमारे ९,१०० पुढच्या तपासणीला पाठवले. सार्सचा रुग्ण एकही सापडला नाही. कोविडमध्ये तर ताप येण्याआधीच लागण पसरते, आणि पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं ताप लपतोही. भारतातली पहिली नोंदलेली रुग्ण, वुहानहून केरळात परतलेली विद्यार्थिनी, विमानतळावर पकडली गेली नव्हती; घरी पोचल्यानंतर तिला लक्षणं दिसली आणि ३० जानेवारी २०२० ला निदान झालं. विमानतळावर तापमान मोजण्यानं लोकांना काहीतरी होतंय असा दिलासा मिळतो. तेवढ्यासाठी माणसं, यंत्रं आणि रांगा खर्ची घालणं मला पटत नाही. तीच माणसं घरी पोचलेल्या प्रवाशांना फोन करून ‘कसं वाटतंय’ विचारायला लावली तर अधिक रुग्ण सापडतील.

चौदा दिवसांचे सात कसे झाले

बंदरावर आलेल्या लोकांना वेगळं ठेवायची कल्पना जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा शहरानं, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकनं, १३७७ मध्ये प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर ठेवायचा कायदा केला. तेव्हा विषाणू-जिवाणू कुणाला ठाऊक नव्हते. दिवसांचा आकडा अंदाजानंच ठरला. कोविडमधले १४ दिवस मात्र वर सांगितलेल्या वेळापत्रकातून आले. साडेअकरा दिवसांत जवळजवळ सगळ्यांची लक्षणं दिसतात, वर थोडी सुरक्षिततेची जागा ठेवली की झाले १४.

पण हे सगळे दिवस सारख्याच मोलाचे नसतात. पहिल्या पाच-सहा दिवसांत बहुतेक बाधित उघडे पडतात. शेवटच्या चार दिवसांत फारच थोडे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं डिसेंबर २०२० मध्ये बाधितांच्या संपर्कात आलेल्यांसाठी याचा हिशेब मांडला: तपासणीविना १० दिवस थांबल्यावर उरणारा धोका सुमारे १ टक्का, ७ दिवस थांबून निगेटिव्ह तपासणी केली तर सुमारे ५ टक्के. वाईटात वाईट अंदाज धरला तरी अनुक्रमे १० आणि १२ टक्के. म्हणजे शेवटचा आठवडा माणसाला कोंडून ठेवून समाजाच्या पदरात फार थोडं पडतं. उलट, १४ दिवसांची रजा कुणाला मिळत नाही, म्हणून लोक नियम मोडतात, लक्षणं लपवतात. सात दिवस पाळणारे शंभर जण हे चौदा दिवस सांगून पाचव्या दिवशी बाहेर पडणाऱ्या शंभर जणांपेक्षा केव्हाही चांगले. भारतानं डिसेंबर २०२१ पासून जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांसाठी हेच सूत्र घेतलं: उतरल्यावर तपासणी, सात दिवस घरी, आठव्या दिवशी पुन्हा तपासणी. वेगळ्या जागची फट, हे ज्यांनी नीट वाचलं असेल त्यांना आठव्या दिवसाचं कारण आता सांगायला नको.

विलगीकरण किती कामाचं, हे दाखवणारी एक घटना आहे आणि तिचा दुबईशीही संबंध आहे. २९ सप्टेंबर २०२० ला दुबईहून एक विमान क्वालालंपूरमार्गे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला पोचलं. प्रवासी ८६. न्यूझीलंडमध्ये त्या काळी येणाऱ्या प्रत्येकाला सरकारी देखरेखीखाली १४ दिवस हॉटेलात राहावं लागे आणि तिसऱ्या व बाराव्या दिवसाच्या आसपास तपासणी होई. त्यात सात जण बाधित निघाले. विषाणूंचा जनुकीय क्रम जुळवून पाहिल्यावर दिसलं की त्यांतल्या निदान चौघांना विमानातच लागण झाली होती. बहुतेकांचे निघण्याआधीचे रिपोर्ट निगेटिव्ह होते, मास्कही बऱ्याच जणांनी लावला होता. निव्वळ रिपोर्टवर विसंबून दारं उघडी ठेवली असती तर हे सातही जण शहरात पांगले असते.

विमानाची हवा खराब असते, हा समज मात्र दुरुस्त करायला हवा. आधुनिक विमानात हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते आणि तिच्यातला पुन्हा फिरवला जाणारा भाग हेपा गाळणीतून जातो, जी सूक्ष्म कणांपैकी ९९.९७ टक्के अडवते. धोका असतो तो दोन-तीन ओळींच्या आत, दीर्घ प्रवासात, जेवणासाठी मास्क उतरल्यावर, आणि विमान जमिनीवर उभं असताना हवेची यंत्रणा थांबते तेव्हा. त्या ऑकलंडच्या विमानात क्वालालंपूरला इंधन भरताना ती सुमारे अर्धा तास बंद होती. मार्च २०२० च्या पहिल्या तारखेला लंडनहून हनोईला गेलेल्या दहा तासांच्या उड्डाणात खोकणाऱ्या एका प्रवाशाकडून पंधरा जणांना लागण झाली, बहुतेक बिझनेस क्लासमध्ये, म्हणजे जिथे जागा ऐसपैस असते तिथे. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती.

सीमा बंद करून काय मिळतं

मिळतात ते दिवस. साथ रोखली जात नाही, पुढे ढकलली जाते. २३ जानेवारी २०२० ला वुहान शहर बंद केलं गेलं. त्याचा अभ्यास सांगतो की चीनच्या उर्वरित भागात साथ त्यामुळे जेमतेम तीन ते पाच दिवस मागे गेली, कारण बाधित लोक आधीच बाहेर पडले होते. इतर देशांत पोचणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळपास ८० टक्क्यांनी घटले. मिळालेल्या दिवसांत खाटा, प्राणवायू, तपासणीची साधनं तयार केली तर बंदी सार्थकी लागते. ते दिवस नुसते गेले तर बंदीनं फक्त घरं तोडली.

इंदूरचंच घ्या. इथले पहिले रुग्ण मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात सापडले, तोवर परदेशी विमानं थांबली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी परदेशाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. विषाणू त्याआधीच कुठल्यातरी वाटेनं शहरात येऊन हाताहातांतून फिरत होता. सीमेवर पहारा ठेवून त्याला अडवायची वेळ निघून गेली होती.

याच ठिकाणी सगळ्यात महत्त्वाचा हिशेब येतो, आणि तो अगदी साधा आहे. समजण्यापुरते आकडे घेऊ. ज्या देशातून विमान येतं तिथे शंभरात एक माणूस बाधित आहे. २०० प्रवाशांच्या विमानात मग सरासरी दोन बाधित असतील. निघतानाच्या तपासणीनं निम्मे अडवले तर उरला एक. आठवडाभराचं विलगीकरण आणि शेवटची तपासणी यांनी त्या उरलेल्यांपैकी पाचात चार अडवले तर पाच विमानांमागे एक बाधित माणूस मोकळा शहरात जाईल. आता हा एक माणूस इंदूरसाठी किती धोक्याचा? इंदूरमध्ये त्या दिवशी आधीच रोज हजार नवे रुग्ण निघत असतील तर त्याच्यानं काही फरक पडत नाही. विमान बंद ठेवून शहराचा काही फायदा नाही. पण शहरात एकही रुग्ण नसेल तर तोच एक माणूस नव्या लाटेची ठिणगी ठरू शकतो. दरवेळी ठरेल असं नाही. या विषाणूचं वैशिष्ट्य असं की बहुतेक बाधित कुणालाच लागण देत नाहीत आणि थोडेच लोक खूप जणांना देतात. म्हणून काही पाहुणे निर्धोक जातात आणि एखादा शहर पेटवतो.

म्हणजे दार किती उघडायचं हे नुसतं ‘तिकडे किती रुग्ण’ यावर ठरवून चालत नाही. तिकडे आणि इकडे यांची तुलना हवी. न्यूझीलंडनं दारं मिटली ते योग्यच होतं, कारण आत विषाणू नव्हता. आत विषाणू धुमाकूळ घालत असताना परक्या देशांवर बंदी घालणाऱ्या सरकारांनी लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवलं, एवढंच म्हणता येईल.

ओमिक्रॉननं हे अगदी उघडं केलं. दक्षिण आफ्रिकेनं २४ नोव्हेंबर २०२१ ला नव्या विषाणूरूपाची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली. दोन दिवसांत अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातली विमानं थांबवली. नेदरलँड्समध्ये २६ नोव्हेंबरला तिथून उतरलेल्या सुमारे ६०० प्रवाशांपैकी ६१ बाधित निघाले, त्यांतल्या डझनभराहून अधिकांत ओमिक्रॉन. बंदी बरोबर होती असं वाटेल. पण मग जुने साठवलेले नमुने तपासले, तर नेदरलँड्समध्येच १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत ओमिक्रॉन आधीच होता. भारतात २ डिसेंबरला पहिले दोन रुग्ण कर्नाटकात जाहीर झाले. त्यांतल्या एकानं कुठलाच परदेशप्रवास केलेला नव्हता. ज्या देशानं प्रामाणिकपणे सगळ्यात आधी माहिती दिली त्याला शिक्षा झाली. पुढच्या वेळी एखादा देश ही माहिती दहा दिवस दाबून ठेवील, आणि ते दहा दिवस सगळ्या जगाला महागात पडतील. मला या सगळ्या काळातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

योगायोग पाहा: त्याच २६ नोव्हेंबरला भारत सरकारनं १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू करण्याची घोषणा केली होती, आणि त्याच दिवशी ओमिक्रॉन चिंताजनक विषाणूरूप म्हणून जाहीर झाला. काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. विमानं खऱ्या अर्थानं सुरू झाली २७ मार्च २०२२ ला, दोन वर्षांनी.

लशीचा कागद

लशीचं प्रमाणपत्र दाखवून प्रवास करणं यात नवं काही नाही. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत जाणाऱ्यांना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड आजही लागतं. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. ती लस लागण जवळजवळ पूर्ण रोखते, म्हणून तो कागद यजमान देशाचं रक्षण करतो. कोविडच्या लशींचं तसं नव्हतं. सुरुवातीला त्या लागण बऱ्याच अंशी कमी करत होत्या, डेल्टाच्या वेळी कमी, ओमिक्रॉनच्या वेळी आणखी कमी. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र टिकलं. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच विमानतळावर दुबईला निघालेली एक महिला चार डोस घेतलेली असूनही बाधित निघाली, तेव्हा ‘मग लशीचा उपयोग काय’ असं बरेच जण म्हणाले. उपयोग हा की तिला रुग्णालयात खाट लागण्याची शक्यता पुष्कळ घटली होती. लशीचा कागद प्रवाशाबद्दल ‘हा आजार आणणार नाही’ असं सांगत नव्हता. ‘हा आपल्या रुग्णालयावर भार होणार नाही’ एवढं सांगत होता. तेही थोडं नाही.

या कागदानं माणसांना जो मनस्ताप दिला तो बराचसा कारकुनी होता. ब्रिटननं सप्टेंबर २०२१ मध्ये कोविशील्ड मान्य केली पण भारताचं प्रमाणपत्र मान्य केलं नाही. भारतानं ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांवर तशीच बंधनं घातली. ११ ऑक्टोबरला ब्रिटननं माघार घेतली. एक मुद्दा होता प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नसल्याचा, जी नंतर कोविनवर परदेशी जाणाऱ्यांसाठी घालता येऊ लागली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडे माणसं ज्या केंद्रावर जी लस मिळाली ती घेऊन मोकळी झाली होती. कुठल्या लशीनं कुठल्या देशाचं दार उघडेल हा विचार कोण करणार? आणि आफ्रिका खंडात तेव्हा पूर्ण लसीकरण झालेले १० टक्केही नव्हते. लस न पोचवता लशीचा कागद मागणं हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय होता.

आधीच लिहून ठेवलेला नियम

साथीच्या काळात दार उघडण्याचे जे प्रयोग झाले त्यांत मला थायलंडचं फुकेत सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. त्यांनी क्रम उलटा ठेवला: आधी बेटावर राहणाऱ्यांचं लसीकरण, ७० टक्क्यांचं लक्ष्य धरून, आणि मग १ जुलै २०२१ पासून लसवंत पाहुण्यांना प्रवेश. पाहुण्यांना खोलीत कोंडलं नाही, बेटावर हिंडू दिलं, पण १४ दिवस बेट सोडायचं नाही आणि तीनदा तपासणी. अनुभव आल्यावर ऑक्टोबरपासून १४ चे ७ केले.

याउलट हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्यातला ‘बबल’, म्हणजे एकमेकांच्या प्रवाशांना विलगीकरणाविना ये-जा करू देण्याचा करार. २२ नोव्हेंबर २०२० ला सुरू होणार होता, आदल्या दिवशी पुढे ढकलला. पुढे मे २०२१ ची तारीख ठरली, तीही गेली, आणि ऑगस्टमध्ये कल्पनाच सोडून दिली. हे अपयश वाटेल, पण त्यात एक शहाणपण होतं: किती रुग्ण झाले की थांबायचं, ही रेघ त्यांनी आधीच आखून जाहीर केली होती. लोकांना तिकीट काढतानाच अटी ठाऊक होत्या. (आपल्याकडची ‘एअर बबल’ व्यवस्था नावानं सारखी असली तरी वेगळी होती. जुलै २०२० पासून तीसहून अधिक देशांशी झालेले ते करार मुख्यतः कुठल्या कंपनीनं किती विमानं उडवायची याबद्दलचे होते. त्यात आरोग्याची समान पातळी गृहीत नव्हती.)

दार उघडं ठेवायचं तर विषाणूवर नजर हवी. भारतानं डिसेंबर २०२० मध्ये प्रयोगशाळांचं इन्साकॉग हे जाळं उभारलं. अमेरिकेनं सप्टेंबर २०२१ मध्ये विमानतळांवर प्रवाशांकडून स्वेच्छेनं नमुने घ्यायला सुरुवात केली, तीही भारतातून येणाऱ्या विमानांपासून. कुणाला अडवायचं नाही, नाव जाहीर करायचं नाही, फक्त कुठलं नवं रूप येतंय ते कळायचं. पुढे विमानांच्या शौचालयांचं सांडपाणीही तपासलं जाऊ लागलं. एका विमानातल्या शेकडो लोकांची खबर एका नमुन्यात मिळते, कुणाच्या नाकात काडी घालावी लागत नाही आणि कुणाचं विमान चुकत नाही. पुढच्या साथीत हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं. स्वच्छतेत देशात अव्वल ठरलेल्या इंदूरच्या विमानतळावर ही सोय करणं अवघड जाऊ नये.

राहता राहिली माणसं. मे २०२० मधल्या भारताच्या नियमांत परदेशातून येणाऱ्यांना सात दिवस स्वखर्चानं विलगीकरण केंद्रात आणि सात दिवस घरी राहावं लागे. गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू, गंभीर आजार, दहा वर्षांखालील मुलांबरोबरचे आई-वडील यांना केंद्रात राहण्यातून सूट होती. अशी सूट नियमातच असणं ही मोठी समजुतीची गोष्ट होती. पण पुढे ऑगस्ट २०२० पासून त्या सवलतीसाठी विमानात बसण्याच्या निदान ७२ तास आधी अर्ज करायची अट आली. आपल्याकडे अंत्यविधी सहसा त्याच दिवशी होतो, फार तर दुसऱ्या दिवशी. ज्याचे वडील आज सकाळी गेले त्याला तीन दिवसांनी मिळालेली सूट काय कामाची? अशा प्रवाशासाठी अर्ज विमानात बसताना, निर्णय काही तासांत, उतरल्याबरोबर तपासणी, स्मशानात मास्क आणि अंतर, आणि तिथून परतल्यावर सात दिवस घरात, असा मार्ग आखता येतो. धोका वाढतो तो नगण्य, कारण असे प्रवासी एका विमानात एखाददुसरेच असतात. हे कलम साथ नसताना, शांत डोक्यानं लिहून ठेवायचं आहे.